ब्लूटूथ नसलेला

सर्जेरावच्या पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते मीच शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात घालून ठेवलं होतं. ज्याने एकतीस वर्षं इंदापुरात ग्रंथपालाची नोकरी केली त्याला आपण कुठला कागद कुठे ठेवला हे विसरता येत नाही. नोकरीतून मला मिळालेली ती एकच शिक्षा. पत्र नातवाच्या वहीच्या पानावर होतं, एक ओळ सोडून एक ओळ, बैल वळवावा तसं प्रत्येक अक्षर रेटून वळवलेलं. 'रघुनाथ, फोनवर मला काय ऐकू येत न्हाय म्हणून लिहितोय. कानाचं मशीन आणलं, त्यात नुसता कल्ला. डाक्टर म्हंतो डावा कान गेला, उजवा वरीसभर. तर उजवा हाय तवर तू ते हास्टेलातलं एकदा वाजीव. मोठ्यानं वाजीव. बावड्याला ये, न्हायतर मी येतो. चुकलं तरी चालंल, मला काय कळतंय.' शेवटचं वाक्य वाचून मी त्या वेळी हसलो होतो. तुला काय कळतंय हे मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे, असं मनात म्हणालो होतो. मग पत्र घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि जेवायला बसलो. जेवणात शेपूची भाजी होती. शेपू मला आवडत नाही, पण त्या दिवशी मी दोनदा मागून घेतली. विनया, माझी बायको, माझ्याकडे बघत राहिली.

सर्जेरावला गाणं कळत नाही हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की आता ते सांगताना माझा आवाजही बदलत नाही. तो चुकीच्या जागी मान हलवतो. टाळी आधी देतो, सम नंतर येते. बँडवाल्यांच्या तालमीलाही 'वा' म्हणतो. अशा माणसाने मला आयुष्यभर कलावंत म्हणावं, चारचौघांत माझ्या पाठीवर हात ठेवून 'ह्यो आमचा रघुनाथ, गिटार वाजिवतो, ऐकलं तर रडचाल' असं म्हणावं, याचा मला संताप यायचा. संताप आणि तुच्छता यांतला फरक मला पुस्तकात कळतो, स्वतःत कळत नाही. त्याच्या लग्नात त्याने मला मांडवात वाजवायला सांगितलं तेव्हा माझं बोट कापलं होतं. त्याच्या थोरल्याच्या बारशाला तार तुटली. त्याचा बंगला झाला तेव्हा मला सर्दी होती, जणू मी नाकाने वाजवणार होतो. पुढे त्याने विचारणं सोडलं, पण सांगणं सोडलं नाही. आणि ही नोकरी त्याच सांगण्यातून आली. त्याचे चुलते ग्रंथालयाच्या संस्थेत होते. त्यांच्यापुढे मला उभं करून सर्जेराव म्हणाला, 'कलावंत माणूस हाय, तात्या. पुस्तकं अंगाखांद्यावर खेळवंल.' तात्यांनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे आणि माझ्या चपलांकडे बघितलं आणि 'बरं हाय' म्हणाले. संस्थेत तबल्याचा 'त' कुणाला ठाऊक नव्हता, आणि गिटार वाजवणारा माणूस पुस्तकं नीट लावील हे तर्कशास्त्र तिथे कुणाला खटकलं नाही. मला खटकलं होतं. सोमवारपासून मी कामावर हजर झालो.

आता ते हॉस्टेल. बारामतीत, एकाहत्तर सालचा जानेवारी, संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारची वेळ. सगळी पोरं जेवून आडवी झालेली. मी पुण्याच्या कॅम्पातून जुनी गिटार आणून दोन महिने झाले होते आणि मला तिच्यावर एक सरळ गत येत होती, तीही बोटं मोजत. खोलीत मी एकटाच. गिटार पोटावर आणि उशीजवळ खोलीतल्या मित्राचा ट्रान्झिस्टर. काटा फिरवता फिरवता कुठलं तरी दूरचं स्टेशन लागलं आणि त्यावर एक माणूस गिटार वाजवत होता. एकटा. कुठल्या देशातला कोण जाणे. खरखरीतून तो पुढे यायचा, मागे जायचा. मी तारांवर बोटं ठेवून पडलो होतो, वाजवत नव्हतो, फक्त त्याची बोटं जिथे असतील असं वाटे तिथे माझी नेत होतो. दाराबाहेर पायरीवर काहीतरी हललं. मला लाज वाटली, म्हणून मी ट्रान्झिस्टर बंद करून उशीखाली सारला. माणूस नागडा असताना कपडा ओढतो तसा. दार उघडलं तर सर्जेराव. हातात डबा, गुळाच्या पोळ्यांचा, बावड्याहून आणलेला. तो किती वेळ पायरीवर बसला होता कोण जाणे. डोळे पाण्याने भरलेले, आणि ते पुसायचं त्याला सुचलंही नव्हतं. म्हणाला, 'रघुनाथ, हे तू वाजिवलंस?' मी हो म्हणालो नाही. हे मी नेहमी आधी सांगतो, म्हणजे मनातल्या मनात, कारण दुसऱ्या कुणाला हे कधी सांगितलेलंच नाही. मी हो म्हणालो नाही. मी डबा घेतला. पोळीला तूप लावून आणलं होतं.

त्या दुपारी मी त्याला मूर्ख ठरवलं. रेडिओची खरखर आणि खोलीतली तार यांतला फरक ज्याला कळत नाही तो मूर्खच. नंतर दर वर्षी ते मत पक्कं होत गेलं, आणि मी त्याला जितका मूर्ख ठरवत गेलो तितकं मला स्वतःकडे कमी बघावं लागलं. हे मला आत्ता कळलं असं नाही. हे मला फार पूर्वीपासून कळतं. कळण्याचा मला फारसा उपयोग झालेला नाही.

सात महिने झाल्यावर एका सकाळी विनया म्हणाली, "सर्जेरावभाऊजींच्या पत्राला उत्तर लिहिताय का मी लिहू?"

"तुला पत्राचं काय माहीत?"

"शब्दकोश पुसायला काढला होता. घरात कोश उघडणारे तुम्ही एकटेच आहात असं तुम्हाला का वाटतं?" मग चहा गाळता गाळता म्हणाली, "मोठ्यानं वाजवा म्हणतायत ते. तुमचं वाजवणं मला मिक्सर लावल्यावर ऐकू येत नाही, आणि मिक्सर बंद केल्यावरही येत नाही. चाळीस वर्षं दार लावून काय वाजवता देव जाणे."

तेव्हा मला ॲम्प्लिफायर सुचला. दुसरा कुणी गेला असता आणि बहिऱ्या मित्राच्या कानाशी बसून वाजवून आला असता. मी एक वही घातली. ॲकॉस्टिक, म्हणजे बिनविजेच्या, गिटारचा ॲम्प वेगळा असतो, विजेच्या गिटारचा वेगळा. पहिला आवाज आहे तसा मोठा करतो, दुसरा त्याला आपला रंग देतो. घरात वीस वॅट पुरतात, अंगणात चाळीस हवेत. अकरा पानं लिहिली. आहे तसा मोठा करतो या शब्दांखाली रेघ ओढली. महागातला घ्यायचा नाही हे पहिल्याच पानावर ठरवलं होतं. एकदाच वाजवायचंय, त्याला काय करायचंय भारी. माझा हा हिशेबीपणा मला साधेपणा वाटतो.

बारामतीला गेलो तेव्हा गिटार बरोबर होती, विनयाने जुन्या पडद्यापासून शिवलेल्या खोळीत. तिने तिचा मोबाईलही दिला, कारण आमच्या घरात बोटाने सरकणारा फोन एकच आहे. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाने निमगाव येईस्तोवर खोळीकडे बघितलं आणि मग विचारलं, "आबा, काय हाय त्यात?" गिटार आहे म्हटल्यावर म्हणाला, "नातवाची?" मी हो म्हणालो. तेवढं मात्र मला पटकन म्हणता येतं. तो अंथुर्ण्याला उतरला आणि मला मोकळं वाटलं. पुढे दोन्ही बाजूंना ऊस. उसाकडे बघून मला कधी काही वाटलेलं नाही. इथे जन्मून आयुष्य काढलेल्या माणसाने हे कबूल करू नये असं म्हणतात, पण मला तो नेहमी गर्दीसारखा वाटतो, सगळे एकाच उंचीचे आणि सगळे एकदम बोलणारे. बारामतीत उतरलो तर रस्ते रुंद, झाडं रांगेत, चौकाचौकांत कुणाच्या तरी वाढदिवसाचे फलक. या गावाला आता स्वतःचं फार कौतुक आहे. माझ्या वेळी इथे धूळ होती, आणि त्या धुळीचं मला आज कौतुक वाटलं, यावरून माणूस किती हलका असतो ते कळतं.

दुकान अविराज नावाच्या चाळिशीतल्या माणसाचं होतं. दारापासून आतपर्यंत काळे स्पीकर रचलेले, माझ्या छातीएवढे. कोपऱ्यात चाकं लावलेले, दिवे चमकणारे छोटे स्पीकर. गल्ल्यावर त्याची बायको रेश्मा एका कानाला फोन लावून बिलं करत होती. मी वहीतून वाचून दाखवलं काय हवंय ते. अविराजने ते नीट ऐकून घेतलं, आणि चाकंवाला पुढे ओढला.

"ह्यो न्या आबा. माईक फुकट. आमच्या हितनं भवानीनगरापर्यंत सगळ्या दशक्रियेला ह्योच जातो. बोलणाऱ्याचा आवाज बाप्यासारखा येतो."

"मला गिटारसाठी हवाय."

"गिटारला पण चालतोय. लायटी बंद करता येत्यात."

मी म्हणालो, लाइट नको, चाकं नको, आवाज आहे तसा यायला हवा. तो मान हलवून आत गेला आणि धूळ झटकत एक लाकडी रंगाचा चौकोनी डबा घेऊन आला. लहान, गंभीर दिसणारा. समोर दोन भोकं, एक गिटारचं, एक माइकचं. "स्वस्तातला ह्योच," म्हणाला. "लावा वायर." मी खोळ काढली. त्याने गिटार उलटीसुलटी करून बघितली.

"आबा, वायर कुठं लावायची ह्याला?"

अकरा पानांच्या वहीत हे नव्हतं. माझ्या गिटारला वायर लावायला जागाच नाही. एवढं वाचून मी भोक नसलेली वस्तू पन्नास किलोमीटर वाहून आणली होती. अविराज हसला नाही, त्याचा मला जास्त राग आला. त्याने खणातून रुपयाएवढी एक चकती काढली, तिला वायर होती, आणि ती गिटारच्या लाकडावर चिकटवली, डॉक्टर छातीला लावतात तशी. "आता वाजवा," म्हणाला.

मी वाजवलं. मला येणारी चार गाणी आहेत, त्यांतलं पहिलं. तो डबा खरंच आहे तसा आवाज देणारा होता. तारेवरून तारेवर जाताना बोट घासतं तो आवाज आला. दुसरं बोट पुरतं दाबलं जात नाही, म्हणून तार फडफडते तो आला. मध्ये मी श्वास रोखतो आणि सोडतो तोसुद्धा लाकडातून आला. गाणं या सगळ्यांच्या मागे कुठेतरी होतं, बाजारात हरवलेल्या माणसासारखं. चाळीस वर्षं मी हळू वाजवत आलो ते कुणाला त्रास नको म्हणून, असं मी समजत होतो. हळू वाजवलं की चुका ऐकू येत नाहीत, हे एवढं साधं होतं. मी हात उचलला तरी शेवटची तार फडफडत राहिली.

"जरा बारीक करा आबा, गिऱ्हाईक फोनवर हाय," रेश्मा म्हणाली.

अविराजने आवाज कमी केला. मग थोडा वाकून, गुपित सांगावं तसं म्हणाला, "कुठं कार्यक्रम हाय का?"

"एका मित्रापुढे. त्याला ऐकू कमी येतं."

"मग एवढा तरास कशाला घेताय? ह्याच्यात ब्लूटूथ हाय. द्या तुमचा मोबाईल." त्याने विनयाचा फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं, आणि डब्यातून गिटार वाजायला लागली. स्वच्छ, भरलेली, एकही बोट न घासणारी. "हे बघा. गाणं हितनं लावायचं, गिटार नुसती धरायची, बोटं हलवायची. समोरच्याला काय कळतंय? लग्नात सगळे असंच करत्यात."

जी गोष्ट मी उशीखाली लपवून अर्धशतक सांभाळली ती या माणसाने दोन बोटांत करून दाखवली, गिऱ्हाइकाची सोय म्हणून. त्याला तिच्यात लाज दिसत नव्हती. त्याला ती डब्याच्या इतर गुणांसारखी दिसत होती, वॉरंटीसारखी. आणि मला त्याची किळस आली, जशी सर्जेरावची यायची, आणि त्याच क्षणी हेही दिसलं की बावड्याच्या अंगणात मी हे करू शकतो. उजवा कान आता किती उरला असेल? खरखर नाही, चूक नाही. तो रडेल. पोळीचा डबा देईल. मी हो म्हणणार नाही.

"ब्लूटूथ नसलेला दाखवा," मी म्हणालो.

अविराज चकित झाला. "नसलेला मागवावा लागंल, आबा. आन् महाग पडंल. स्वस्तात समद्यांना ब्लूटूथ असतंयच."

रेश्मा फोन खाली ठेवून म्हणाली, "असू दे की हो. नको असंल तर वापरू नका. कोण जबरदस्ती करतंय?"

मी स्वस्तातलाच घेतला.

दोन दिवस तो डबा बैठकीत टेबलावर होता. मी दार उघडं ठेवून वाजवायचा सराव करत होतो, म्हणजे गिटार घेऊन बसत होतो. तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, डबा चालू, चकती चिकटवलेली, हात तारांवर आणि मन अजून कुठे नाही, अशा वेळी डब्यातून गिटार वाजायला लागली. एकट्या माणसाची. संथ. माझी बोटं आपोआप हलली, तो जिथे असेल तिथे जायला. मला वाटलं मी म्हातारपणात ऐकू नये ते ऐकायला लागलो आहे. पायाखाली हॉस्टेलची शहाबादी फरशी आली, गुळाचा वास आला, खरंच आला. स्वयंपाकघरातून विनया बाहेर आली. हाताला पीठ, आणि चेहऱ्यावर असं काही की लग्नाच्या इतक्या वर्षांत ते मी बघितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "हे तुम्ही वाजवताय?"

डबा वाजत होता. मी बसलो होतो, हात तारांवर. गप्प राहिलो तर ती शेजारच्या कौसल्याबाईंना सांगणार होती, मुलीला फोन करणार होती, आणि मग तिचंही सर्जेरावसारखं होणार होतं, आणि मग मला तिलाही मूर्ख ठरवावं लागणार होतं, उरलेली वर्षं, रोज, जेवताना. आणि ती मूर्ख नाही. हे मला माहीत होतं, तिने कोश पुसला तेव्हापासून नाही, फार आधीपासून. गाणं एकदा संपून परत सुरू झालं.

"नाही," मी म्हणालो. "तुझा फोन आहे."

तिने ओट्यावरचा फोन आणून बघितला; दुकानात जोडल्यापासून तो डब्याला ओळखत होता. तिच्या बहिणीने पाठवलेला सुप्रभातचा व्हिडिओ होता, उगवता सूर्य, कमळ, आणि मागे गिटार. "म्हणजे मी इथे हाताने पीठ मळत फोनला कान लावून बसले, आवाजच नाही, आणि आवाज तुमच्याकडे," ती म्हणाली आणि हसली. मग हसायची थांबली. "किती बरं वाटलं होतं हो मला." आणि पीठ वाळू नये म्हणून आत गेली.

मी डबा बंद केला. माझा आवाज मला अजून ऐकू येत होता, नाही म्हणतानाचा. फाटका होता, पण मी बोललो होतो.

सर्जेरावला हे समोर जाऊन सांगता येणार नव्हतं. बहिऱ्याला हळू कबुली देता येत नाही. मला बावड्याच्या अंगणात उभं राहून, त्याच्या सुना, नातवंडं, ऊस तोडणारी माणसं ऐकतील अशा आवाजात ओरडावं लागलं असतं, की मी वाजवलं नव्हतं. आणि त्याने उजव्या कानामागे हात धरून म्हटलं असतं, आं? आणि मी परत ओरडलो असतो. म्हणून कागद घेतला. त्याआधी त्याचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'चुकलं तरी चालंल, मला काय कळतंय.' या वेळी त्या वाक्यात मला दुसरं काही दिसायला लागलं. त्याला सगळं माहीत असावं. त्या दुपारी पायरीवर त्याने काटा फिरल्याची खरखर ऐकली असावी. पन्नास वर्षं तो मला सांभाळून घेत असावा. मी त्या विचारात चांगला सुखाने बसलो, आणि मग मला माझीच शिसारी आली. हीसुद्धा उशीच होती. त्याला माहीत असलं तर मला लिहायची गरज उरत नव्हती, एवढ्यासाठी मी त्याला हुशार करायला निघालो होतो.

चार कागद फाडले. त्यांत रेडिओच्या लहरींवर एक परिच्छेद होता. पाचव्यावर लिहिलं: 'प्रिय सर्जेराव, एकाहत्तर सालच्या त्या रविवारी खोलीत वाजत होता तो रेडिओ. मी वाजवलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी गप्प राहिलो आणि तुझ्या पोळ्या खाल्ल्या. पुढे तुझ्या शब्दावर नोकरीही केली. मला चार गाणी येतात, चारही अडखळत. आवाज मोठा करायचं यंत्र आणलं आहे, त्यात चुकाही मोठ्या येतात. हे वाचून बोलवावंसं वाटलं तर बोलव. कान आहे तोवर उत्तर दे. मी उशीर केला. रघुनाथ.'

पत्ता लिहिताना बावडा हा शब्द मला दोनदा गिरवावा लागला. पोस्टात खिडकीवरची बाई म्हणाली, "आबा, बावड्यालाच ना? फोन करायचा की." मी म्हणालो त्यांना फोनवर ऐकू येत नाही. "मग रजिस्टर करू का? पोचल्याची पावती येते."

पावती आली असती तर मी तिच्याकडेच बघत बसलो असतो. साधं तिकीट द्या म्हणालो. बाहेर लाल पेटीचं झाकण गंजून आखडलं होतं. पाकीट अर्धं आत जाऊन अडकलं, आणि अर्धं माझ्या बोटांत राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ढकला आबा, जातंय." मी ढकललं.